कामिनीचा वाटा

बाटली फुटल्याचा आवाज तसा आलाच नाही. दुपारचा दीड वाजला होता, कचेरीच्या जिन्यावर नकला घेऊन उतरणाऱ्यांची आणि सहीसाठी चढणाऱ्यांची नेहमीची दाटी होती, कुणाचं तरी कोपर कामिनीच्या पर्सला लागलं, पर्सची चेन अर्धी उघडी होती, आणि रुमालात गुंडाळलेली बोटभर उंचीची बाटली तिसऱ्या पायरीवर पडली. रुमाल सुटला नाही. तिने खाली पाहिलं तेव्हा पांढऱ्या कापडावर एक फिकट पिवळा डाग शांतपणे मोठा होत होता, जणू त्याला कसलीच घाई नव्हती. मग वास आला. आधी हिरवा, कडवट, नखाने कोवळा देठ मोडावा तसा. त्याच्या मागून फुलाचा चोरटा गोडवा. आणि सगळ्यात शेवटी, भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलेल्या माणसासारखा, ओल्या लाकडाचा. जिन्यावरची माणसं थांबली. कुणी म्हणालं, संत्रं सोललं काय कुणी. कामिनी खाली बसली, पायरीवरच, आणि रुमाल उचलण्याऐवजी त्याच्याकडे बघत राहिली. एवढंच होतं. जगात एवढंच उरलं होतं आणि ते आता पायरीच्या फरशीत, रुमालात आणि वरच्या उन्हात एकाच वेळी जात होतं.

ते आबांचं जेवण होतं. हे जिन्यावरच्या कुणाला सांगून पटलं नसतं. आबा म्हणजे तिचे वडील, गिरधर, वय एक्क्याऐंशी, अडीच वर्षांपासून नंदुरबारला तिच्याच घरी. मुलीच्या घरी बाप राहतो म्हणून भावकीने सुरुवातीला नाकं मुरडली, पण गावी त्यांना ठेवणं अवघड झालं होतं; पहाटे उठून ते शेतात जायचे आणि केळीच्या ओळींतून एकेका झाडाला हात लावत हिंडायचे, आपली नारिंगाची झाडं शोधत. नंदुरबारला डॉक्टर जवळ, म्हणून आणलं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू कमी कमी होत जाईल, उपाय असा नाही. तसंच झालं. आधी वार गेले, मग नावं गेली, मग एक दिवस ताटापुढे बसून आबांनी तोंड मिटून घेतलं. हाई कोनं घर शे? त्यांनी विचारलं होतं, पाहुण्यासारखं अदबीने. परक्याच्या घरी न विचारता जेवायचं नाही, हे तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं होतं. चार दिवस पाण्यावर गेले. पाचव्या दिवशी त्यांच्या जुन्या पेटीत, धोतराच्या घडीत, त्यांनीच भट्टीत काढलेल्या पानांच्या तेलाची ही बाटली सापडली. कामिनीने नुसतं बूच उघडलं आणि पलंगावरचा माणूस उठून बसला. पानं कवय तोडी, म्हणाला. सकाळीच, ती म्हणाली. मग त्याने भाकरी खाल्ली. तेव्हापासून रोज संध्याकाळी कापसाच्या बोळ्यावर एक थेंब. ताटाशेजारी ठेवायचा. तो थेंब असेतो घर आबांचं असे, ताट आबांचं असे, आणि समोर बसलेली बाई कोण हे कळलं नाही तरी ती घरातलीच असे. एक थेंब, एक जेवण. दुसरं काही चालत नव्हतं. तिने करून बघितलं होतं. शेजारच्या कागदी लिंबाची पानं चुरगळून ठेवली तर आबा हसले, हाई कागदी शे, म्हणाले, पोरं फसतीन. मोबाईलवरून मागवलेली परदेशी बाटली आली, तिच्यावर याच कडू नारिंगाचं नाव होतं, पांढऱ्या फुलाचं चित्र होतं. आबांनी बोळा नाकाशी धरला, दूर केला, परत धरला, आणि ताट हळूच पुढे सारलं. हाई दुसरानी भट्टी शे, ते म्हणाले. आच जादा लागनी. सून कोण, जावई कोण हे विसरलेल्या माणसाला दुसऱ्याच्या भट्टीची आच कळत होती.

आणि बाटली तिने बाहेर काढलीच का, तर बुचाच्या ड्रॉपरसाठी. ते तेल रबर खातं. लहानपणापासून तिला ठाऊक होतं. भट्टीवर रबराची वस्तू कुणी आणायची नाही, असा आबांचा दंडकच होता. तरी मेडिकलमधून आणलेला ड्रॉपर तिने लावला, कारण थेंब एकच पडायला हवा होता, दोन नाही. काल रात्रीचं ताट मांडताना पाहिलं तर रबर फुगून मऊ झालेलं, थेंबाऐवजी धार लागेल असं. आज जेवणाच्या सुट्टीत काचेचा ड्रॉपर शोधू, म्हणून बाटली पर्समध्ये. जपण्यासाठी काढलेली वस्तू. आयुष्यात किती गोष्टी आपण अशा जपायला म्हणून जागेवरून हलवल्या, असं काहीतरी तिच्या मनात येऊ लागलं आणि तिने ते तिथेच थांबवलं, कारण डाग रुमालाच्या कडेपर्यंत आला होता.

“माय, मन्हा धक्का लागना,” ज्याचं कोपर लागलं तो म्हातारा वाकून म्हणाला. डोक्याला पांढरा फेटा, हातात नकलेचा कागद. “औषध व्हतं का?”

तिने मान हलवली. हो की नाही, तिलाच कळलं नाही. रुखमाबाई, कचेरीची झाडूवाली, सातपुड्यातल्या काठी गावाकडची, फडकं घेऊन आली, पण फडकं फिनेलचं होतं. कामिनी एकदम तिच्या हाताला धरून म्हणाली, ते नको. आणि स्वतःच्या सुती साडीचा पदर पायरीवर टेकवला. पदर प्यायला लागला. मग तिचा हात आपोआप काहीतरी करून गेला. तिने भिजल्या रुमालावर बोट टेकवलं आणि ते रुखमाबाईच्या कानामागे लावलं, उजव्या, मग डाव्या. मग उठून फेट्याच्या कडेखाली म्हाताऱ्याच्या कानामागे. म्हातारा लहान मुलासारखा मान वाकवून उभा राहिला. रुखमाबाईने काहीच विचारलं नाही. तिच्या गावाकडेही अशा काही गोष्टी असतील, ज्या विचारायच्या नसतात. वरच्या मजल्यावरून कुणीतरी हाक मारली, मॅडम, काय प्रसाद वाटताय. कामिनीने बोट साडीला पुसलं. स्वतःच्या कानाला ते लावलं नाही. ज्याच्या हातून सांडलं त्याने स्वतः घ्यायचं नसतं.

ही रीत जगात दुसरीकडे कुठे नसेल. सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीच्या काठच्या त्यांच्या शेतात ती जन्मली आणि तिथेच संपली. आजोबांनी तिथे मोसंबीची कलमं लावली होती. पाच वर्षांत खोडांना डिंक सुटला, वरची मोसंबी वाळली, आणि खाली कलम बांधताना वापरलेला खुंट, कडू नारिंगाचा, तो तेवढा जगला. नुसता जगला नाही, उफाळला. फांदी फांदी काटे, फळं पिवळीधमक, आणि चाखली तर जीभ आखडून घ्यावी अशी. कामिनीचं घर गुजरांचं; लोक बांधावर उभे राहून हसायचे, गुजरांनी कडू पेरलं म्हणायचे. उपटून टाका, सगळ्यांनी सांगितलं. आबा तेव्हा तिशीचे. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजारात त्यांची गाठ सुरतच्या नवनीतभाईंशी पडली, अत्तराचा व्यापारी. घोडा बघायला आलेल्या त्या माणसाने आबांच्या बंडीच्या खिशातून डोकावणारं पान ओढून चुरगळलं, हुंगलं आणि घोडा विसरला. फुलाचं अत्तर सगळे काढतात, म्हणाला, या झाडाच्या पानात काय आहे ते बघा. मग तांब्याचं मोठं भांडं आलं, नळी आली, थंड पाण्याची टाकी बांधली. दव सुकल्यावर पानं तोडायची, सावलीत पसरायची, दुपारी भांड्यात भरायची, खाली पऱ्हाटीच्या काड्यांचा जाळ. मोठं लाकूड नाही, आच दमाने. भट्टीवरचा गडी वाहरू जाळाशी बसायचा. त्याला काड्या मोजता येत नसत, पण आबांच्या भुवयांकडे बघून तो काडी टाकी किंवा ओढून घेई. नळीच्या तोंडाशी आबा तळहात धरून बसत. पहिली वाफ थंड होऊन तळहातावर उतरली की ते डोळे मिटत. भट्टीवर तेव्हा कुणी बोलायचं नाही. कामिनीला आपल्या बापाचं देवाशी बोलणं वगैरे कधी आठवत नाही, पण तो मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा आठवतो. आणि आत्ता, टेबलाशी परतून नकलेच्या अर्जांवर शिक्के मारताना तिला वाटलं, दीड वर्ष रोज संध्याकाळी एका थेंबावर आपण फक्त तो चेहरा बोलावत होतो, जेवण हे निमित्त.

पहिल्याच हंगामात आईच्या हातून बाटली कलंडली. आई, जसोदाबाई, तेव्हा जेमतेम वीस वर्षांची. आठवड्याभराच्या पानांचं तेल ओट्यावर पसरलं. पानं ओरबाडणाऱ्या बायकांचे हात थांबलेले, वाहरू जाळ सोडून उभा, आई भिंतीला टेकलेली. आबा त्या पसरलेल्या तेलाशी उकिडवे बसले. मग त्यांनी त्यात बोट बुडवलं, उठले, आणि आधी वाहरूच्या कानामागे लावलं. मग रेवाबाईच्या, जी पानं ओरबाडणाऱ्यांत सगळ्यात पुढे असे आणि जिच्या मनगटावर काट्यांची बारीक नक्षी असे. मग एकेकीच्या. शेवटी आईच्या. सांडनं ते सर्वास्नं, ते म्हणाले. बाटलीत असेल ते सुरतेला जाणार, सांडलं ते आपलं. त्यानंतर थेंब सांडो की पेला, रीत ठरून गेली. सांडणाऱ्याला दुसऱ्याने लावायचं. आणि कुणी हजर नसेल त्याचा वाटा ठेवायचा. रेवाबाई तर दिवेलागणीला घरी निघताना मुद्दाम म्हणायची, काय आबा, आज काहीच नही सांडनं का, आमना कान कोरडाच. आबा खोटंखोटं रागवायचे. आणि कधीकधी, नवनीतभाईंचा माणूस यायच्या आदल्या दिवशी, आबांचं कोपर हमखास कशाला तरी लागायचा. कामिनी त्या वेळी बहुतेक शाळेत असायची. शाळा दोन कोस. ती परत येईतो भट्टी निवलेली असे, आई तिला दारातच थांबवी, पदराच्या टोकाची गाठ सोडी आणि ते टोक तिच्या कानामागे दाबी. तुन्हा वाटा, म्हणे. त्या गाठीत तेलाबरोबर दिवसभराचा आईचा घामही असे. आज तिला वाटलं, जगातल्या कुठल्याच बाटलीत तो वास नसतो. त्या बाटलीतही नव्हता.

जिभेवर रेवाबाईचं एक कोडं आलं. पानं ओरबाडताना ती ते प्रत्येक नव्या बाईला घालायची, आणि शाळेतून आलेल्या कामिनीला तर रोज, जणू उत्तर रोज बदलत होतं.

खाले धाकली माय, वर लेक मोठी,
दोन्हीस्ना जीव शे एकाच देठी.

उत्तर नारिंगाचं पान. त्या झाडाच्या पानाखाली देठाला आणखी एक इवलं पान चिकटलेलं असतं, मोठ्याला कडेवर घेतल्यासारखं. लहान कामिनीला ते उलटं वाटायचं. धाकटी ती लेक ना? रेवाबाई म्हणायची, थांब, कळी तुले. आता रोज आबांच्या तोंडात घास देताना, त्यांची हनुवटी पुसताना, ते तिला आठवायचं आणि रेवाबाईला सांगावंसं वाटायचं की कळलं. पण रेवाबाई जाऊनही सहा वर्षं झाली. वाहरू त्याआधीच, उसाच्या तोडीला गुजरातेत गेला तो तिकडेच राहिला, आहे की नाही तेही कुणाला ठाऊक नाही. आई तर पार आधी.

अडीच वाजता तिने योगेंद्रला फोन लावला. योगेंद्र धाकटा भाऊ, गावचं शेत तोच बघतो. नारिंगाची झाडं त्यानेच काढली, चार वर्षांपूर्वी, आबांची भट्टी आपोआप बंद पडल्यावर. जेसीबी लावला, केळी लावली, ठिबक टाकलं. त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. ती तेव्हा स्वतःच म्हणाली होती, काय ठेवायचं त्या काट्यांना. तिने त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, एखादं झाड राहिलंय का. बांधावर, विहिरीजवळ, कुठेही. मागे पंपाचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, पावसाळ्यात मोटारच्या खोलीमागे एक फुटवा आला होता, गुडघ्याएवढा. काटे बघून मी ओळखला. “मंग?” तिने विचारलं. पंप चालू होता. “मंग काय बाई,” योगेंद्र म्हणाला, “पाइप टाकाना व्हता तठे.” तो आणखी काही बोलला, की तू आधी सांगितलं असतंस तर, की आबा त्या वासावर जेवतात हे मला कुणी सांगितलंच नाही, आणि खरंच तिने सांगितलं नव्हतं. भावाला काय सांगायचं, की बापाला तुझ्या केळीत आपलं घर सापडत नाही? ती म्हणाली, ठेवते. तो म्हणाला, बाई. ती थांबली. मग तिने पंपाच्या आवाजावरच फोन ठेवला.

वास उडून जात होता. चैत्राचं ऊन खिडकीतून आत येत होतं आणि वर पंखा. दर मिनिटाला पदरातून काहीतरी उठून जात होतं, आणि ते जाताना सगळ्यांना सुंदर वाटत होतं. शेजारच्या टेबलावरच्या बाई दोनदा म्हणाल्या, किती छान वाटतंय हो आज ऑफिसात. रुखमाबाईने कुठूनशी साखरेची प्लास्टिकची पिशवी आणली, पदराचं टोक आणि रुमाल तिच्यात घातलं आणि सुतळीने बांधलं. मग कामिनी तशीच बसली, कमरेशी पिशवी बांधलेली, शिक्के मारत, आणि नकला घ्यायला आलेले लोक आधी पिशवीकडे आणि मग तिच्याकडे बघत. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, म्हणाले, घरी जायचं असेल तर जा. शिक्का मारताना तिला हिशोब नको होता तरी होत होता: रुमालात आणि पदरात मिळून आजचं जेवण. नीट राखलं तर उद्याचं अर्धं. परवा ते पाहुण्यासारखे बसतील आणि विचारतील. गोपाळला सांगावं म्हटलं तर तो तोरणमाळच्या आश्रमशाळेत, घाटावर फोन लागेल तेव्हा लागेल, आणि लागला तरी तिचा नवरा काय करणार होता, तिथून पानं आणणार होता?

साडेचारला ती रिक्षाने घरी आली. बेबीबाईने दार उघडलं. बेबीबाई शेजारची, दिवसभर आबांशी बसणारी, आणि आबांना अजून रोज सकाळी नव्याने आपली ओळख करून देणारी. ती काही बोलायच्या आत थांबली, नाक वर केलं. “ताई, काय सांडनं?” तिने विचारलं. तिला ठाऊक नव्हतं की हा शब्द या घरात कशाचा आहे.

आत पलंग करकरला. कामिनी खोलीच्या दाराशी गेली तेव्हा आबा उठून बसले नव्हते, उभे होते. दीड वर्षात आधाराशिवाय उभे राहिलेले तिने पाहिले नव्हते. डोळे मिटलेले. तळहात पुढे, उताणा, नळीच्या तोंडाशी धरतात तसा. तिने सुतळी सोडली. पिशवी उघडताच उरलं होतं ते सगळं एकदम खोलीत आलं, पाचशे संध्याकाळींचे थेंब एका श्वासात, आणि आबांच्या चेहऱ्यावर तो चेहरा आला. वाहरू, आच कमी कर, ते म्हणाले. स्पष्ट, खणखणीत. बेबीबाईने तोंडावर हात धरला.

मग ते जेवले. दुपारचं की रात्रीचं, कुणी विचारलं नाही. दोन भाकऱ्या, वांग्याची भाजी, वर ठेचा मागून घेतला आणि ठेच्याला मीठ कमी म्हणून बेबीबाईला टोमणाही मारला, तुन्हा घर मीठ सस्तं नही शे का. कामिनी आतल्या खोलीत साडी बदलायला गेली आणि गाऊन घालून ती साडी हातात घेऊन आली, कारण तो पदर आता स्वयंपाकघरात, न्हाणीत, कुठेच न्यायचा नव्हता. तिने ती आबांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी पदर चाचपला. बोटांनी ओल शोधली. आणि त्यांचा हात थांबला.

“कोनी सांडं?” त्यांनी विचारलं.

ती उभी राहिली. आई भिंतीला टेकली होती तशी, तिला नंतर वाटलं. आबांनी पदराचं ओलं टोक बोटाभोवती गुंडाळलं, दाबलं, आणि म्हणाले, सांडनं ते सर्वास्नं. बलाव सर्वासले.

कुणाला बोलावणार. बेबीबाई तिच्याकडे बघत होती. आबा बोट पुढे करून वाट बघत होते, आणि बोटावरची ओल सुकत होती. वाहरू, त्यांनी हाक मारली. दारात कुणी आलं नाही. वाहरू, त्यांनी परत हाक मारली, आणि आवाजात पहिल्यांदा ती पाहुण्याची अदब आली, तो संशय, की हे घर कुणाचं आहे. कामिनी पुढे गेली आणि त्यांच्यापुढे मान वाकवली. आबांनी वाहरूच्या कानामागे बोट लावलं. काड्या ओल्या शेत आज, धूर करतीन, ते म्हणाले. मग रेवाबाई. कामिनी एक पाऊल मागे गेली आणि पुन्हा पुढे आली. रेवाबाईच्या कानामागे लावताना ते हसले. झाया का आते तुन्हा कान ओला, म्हणाले. मग बेबीबाईला त्यांनी बेबीबाई म्हणूनच लावलं, आणि ती रडायला लागली तर तिला म्हणाले, काटा लागना का.

कामिनी पुन्हा मागे गेली होती. तिला ठाऊक होतं, आता आईचं नाव येणार. ते नाव आलंच नाही. आबांनी नुसता हात लांब केला, आणि ती गेली, आणि त्यांनी तिच्या कानामागे बोट लावण्याआधी तिथले केस बाजूला केले. इतक्या सवयीने की तिला मान वर करवेना.

“भिऊ नको,” ते म्हणाले. “भांडं शे, फुटस.”

दुपारपासून तिला कुणी हे म्हणावं असं वाटत होतं. ते म्हटलं गेलं, आणि ते तिला नव्हतं. तिने डोळे मिटून ते घेतलं, दुसऱ्याच्या नावाने आलेलं टपाल घ्यावं तसं.

“आनि कामिनी?” आबांनी विचारलं. “मन्ही आंडेर, मन्ही पोर, कोठे शे?”

बेबीबाई काही बोलायला गेली. कामिनीने तिच्याकडे पाहिलंही नाही. शाळामा गयी, ती म्हणाली. आबांनी समाधानाने मान हलवली. पदराच्या कोरड्या भागाने ओलं टोक आत घेतलं आणि दोनदा चुकून, तिसऱ्यांदा नीट, गाठ मारली. ती मुठीत धरली.

खिडकीबाहेर ऊन उतरू लागलं होतं. खोलीतला वास पातळ होत होता. हिरवा कडवटपणा आधीच गेला होता, फुलाचा गोडवाही, आता फक्त ते ओलं लाकूड मागे उभं होतं, आणि तेही किती वेळ. आबा दाराकडे बघत होते. कामिनी उठली. तिला स्वतःलाच कळलं नाही ती काय करतेय. ती बाहेरच्या खोलीत गेली, चपला घातल्या, दार उघडून पायरीवर उतरली. समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. तिने पर्स खांद्याला अडकवली, जिची चेन अजून अर्धी उघडी होती. मग ती परत आत आली, चपला पायातच, खोलीच्या उंबऱ्यावर थांबली, आई दारात थांबवायची तशी, आणि म्हणाली,

“आबा, मी वनी. शाळा सुटनी.”

आबांनी तिच्याकडे पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत. पिकू लागलेल्या केसांची एक थोराड बाई दारात उभी होती. त्यांनी मूठ छातीशी घेतली.

“बाई, तुम्हनं काय काम शे?” ते म्हणाले, आणि तिला समजावून सांगितलं, हळू, कारण दारी आलेल्याला तोडून बोलायचं नसतं: “हाई मन्ही आंडेरना वाटा शे. ती येई आते. बसा तुम्हीन बी.”

कामिनीने चपला काढल्या. ती पलंगासमोर जमिनीवर बसली. आबांनी पाय जरा आखडून घेतले, तिला जागा व्हावी म्हणून. मग दोघंही दाराकडे बघत राहिली.